चकलीच्या शेपटीवरची कात

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही अमेरिकेत, मिनियापोलिसजवळ राहतो. माझ्या ११ वर्षांच्या मुलाकडे कॉर्न स्नेक आहे, सात-आठ महिन्यांची, दीड फूट लांब. गोल वेटोळं घालून बसते म्हणून तिचं नाव चकली. सप्टेंबरात आणली तेव्हापासून ती अख्खी, अखंड कात टाकायची. या वेळी तुकडे तुकडे पडले. पाठीवर अजून कागदासारखे पोपडे आहेत, शेपटीच्या टोकाला कात गुंडाळलेली राहिली आहे आणि उजवा डोळा धुरकट दिसतोय. आज चौथा दिवस. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, त्या म्हणतात खोबरेल तेल चोळा. नवरा म्हणतो चिमट्याने सोलून काढू, दोन मिनिटांचं काम. मुलगा कुणालाच हात लावू देत नाही आणि रात्री उठून तिच्या काचेच्या टाकीपाशी जाऊन बसतो. दुकानात विचारलं तर म्हणाले, होतं असं, पुढच्या वेळी पडेल. मला स्वतःला सापाची भीती वाटते, पण मुलाचे हाल बघवत नाहीत. काय करू?"
– एक आई

ताई,

तुमच्या लेकाने चिमटा आणि तेलाची बाटली दोन्ही अडवली, हे फार चांगलं केलं. माझ्या नावाने त्याला हे जरूर सांगा. अर्धवट सुटलेली कात दिसली की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. जखमेवरची खपली काढावीशी वाटते ना, तसंच. तो थांबला, म्हणून आज आपल्या हातात अजून बरंच काही आहे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींची घाई सारखी नाही. पाठीवरच्या पोपड्यांची घाई नाही. डोळ्याला आज कुणीही हात लावायचा नाही. शेपटीचं मात्र आजच बघायचं. दुकानदाराचं 'पुढच्या वेळी पडेल' हे पाठीच्या बाबतीत बहुतेक खरं आहे, डोळ्याच्या बाबतीत बरंचसं खरं आहे, आणि शेपटीच्या बाबतीत धोक्याचं आहे.

शेपटीचं आधी. कात ओली असते तोवर मऊ असते, वाळली की आकसते. पाठीवरचा तुकडा आकसला तर फाटतो आणि सुटतो. शेपटीच्या निमुळत्या टोकाला ती अंगठीसारखी गोल बसलेली असते. ती वाळून आकसली की आवळते. बोटाला दोरा गुंडाळून तसाच ठेवला तर बोटाचं जे होईल, तेच शेपटीच्या टोकाचं होतं, कारण पुढे रक्त पोचत नाही.

काही वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी तिचा साप माझ्याकडे घेऊन आली. तक्रार वेगळीच होती, तो खात नव्हता. मी शेपटी भिंगाखाली धरली तर टोकाला तीन कातींचे थर एकावर एक बसलेले. म्हणजे तीन वेळा 'पुढच्या वेळी पडेल' झालं होतं. टोक काळं आणि कडक, वाळलेल्या मिरचीच्या देठासारखं. ते टोक वाचलं नाही. साप पुढे व्यवस्थित जगला, पण दीड सेंटीमीटर शेपूट गेली, आणि ज्याला कोमट पाण्याने भागलं असतं त्यासाठी त्या मुलीला शस्त्रक्रियेची वाट बघत माझ्या दवाखान्यात रडत बसावं लागलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून शेपटीच्या बाबतीत मी कुणालाही थांबा म्हणत नाही.

आज संध्याकाळी असं करा. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या, चकली आत ऐसपैस मावेल एवढा. झाकणाला हवेसाठी भोकं पाडा. हा डबा यापुढे फक्त चकलीचा, स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. आता सासूबाईंना विचारा, त्यांच्या सामानात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा पंचा आहे का. साताऱ्याहून आलेल्या बॅगेत असं काही हमखास निघतं. त्याचे दोन-तीन तुकडे कोमट पाण्यात भिजवून किंचित पिळा आणि डब्यात चुरगळून ठेवा. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ८२ ते ८६ फॅरनहाइट. थर्मामीटरनेच मोजा, कारण इथे हात फसवतो. बाळाच्या आंघोळीला लावतो ते पाणी चकलीला फार गरम असतं. तिच्यासाठी बरोबर असलेलं पाणी आपल्या हाताला 'हे तर गारच आहे की' असं वाटतं.

त्या ओल्या कापडांत चकलीला सोडा आणि झाकण लावून अर्धा तास राहू द्या. डबा हीट मॅटवर (टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई), दिव्याखाली किंवा हीटरच्या झोताजवळ ठेवायचा नाही. खोली उबदार असली की झालं. आणि तो अर्धा तास कुणीतरी समोर बसून राहायचं. तुमचा मुलगा तसाही बसणारच आहे, त्याला घड्याळ द्या. पाण्याने भरलेल्या टबापेक्षा मला ओली कापडं जास्त आवडतात. दमलेला लहान साप पाण्यात बुडू शकतो, कापडात बुडत नाही, आणि घड्यांमधून सरकताना अंग आपोआप घासलं जातं. अर्ध्याहून जास्त पोपडे त्या सरकण्यातच निघतील.

अर्ध्या तासाने तिला बाहेर घ्या. ओल्या कापडाचा एक तुकडा हातात सैल धरा आणि तिला त्या मुठीतून पुढे सरकू द्या. सरकायचं तिने, ओढायचं कुणी नाही. दोन-तीनदा असं झालं की शेपटीकडे वळा. कातीची कड सापडते का बघा, ती किंचित पांढुरकी, उचललेली दिसते. अंगठा आणि तर्जनीमध्ये ओलं कापड घेऊन त्या कडेपासून टोकाच्या दिशेने हलकेच फिरवा. नेहमी डोक्याकडून शेपटीकडे, उलट कधीच नाही, कारण खवले त्याच दिशेला मिटलेले असतात. अंगठी फिरायला लागली तर ती सुटणार आहे, फिरवत फिरवत टोकावरून उतरवा. जराही अडली तर सोडून द्या. पुन्हा अर्धा तास ओल्या कापडात, नाहीतर उद्या. रोज एकदा, सलग तीन दिवस.

तिने शेपटीचं टोक भराभर थरथरवलं तर ती घाबरली आहे असं समजा. कॉर्न स्नेक घाबरला की असंच करतो, त्याला विष नसतं, आव तेवढा असतो. तिला डब्यात परत ठेवा आणि दिवा मंद करा.

शेपटीचं टोक काळपट, कडक किंवा वाळल्यासारखं दिसलं, अंगठीच्या अलीकडे सूज असली, किंवा तीन दिवसांत अंगठी हललीच नाही, तर घरचे उपाय थांबवून सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात हे काम होत नाही, त्यामुळे फोन करताना 'साप बघता का' हेच पहिलं विचारा. तुमच्याकडे असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संघटनेच्या संकेतस्थळावर जवळचा डॉक्टर शोधायची सोय आहे.

आता डोळा. हे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा, आणि तो अंगाच्या कातीबरोबरच दर वेळी बदलतो. कात टाकायच्या आधी साप निस्तेज होतो, डोळे दुधाळ निळसर दिसतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्या वेळी जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव साठलेला असतो. तोच दोन थर एकमेकांपासून सोडवतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत साप एखाद्या खरबरीत जागी नाक घासून ओठांपाशी कात फोडतो आणि उशी अभ्र्यातून निघावी तसा तिच्यातून निघून येतो. मागे उलटी झालेली कात राहते. डोक्याच्या भागात डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ खिडक्या दिसतात.

तर पहिलं काम डोळ्याचं नाही, कचऱ्याच्या डब्याचं आहे. गळून पडलेले तुकडे अजून टाकून दिले नसतील तर त्यातला डोक्याचा तुकडा शोधा, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, काळ्या कागदावर अलगद पसरा आणि उजेडात धरा. उजव्या डोळ्याच्या जागी खिडकीऐवजी भोक असेल, तर काच चकलीच्या डोळ्यावर राहिली आहे. दोन्ही खिडक्या जागच्या जागी असतील, तर धुरकटपणा कातीचा नाही. तो आजार किंवा जखम असू शकते आणि मग आठवडाभराच्या आत डॉक्टरला दाखवायला हवं. भिजवताना घाई करू नका. वाळलेल्या तुकड्यात खिडकी चुरगळलेली असते आणि नाही असंच वाटतं.

काच राहिली असेल तरी ती काढायची नाही. चिमट्याने नाही, नखाने नाही, चिकटपट्टीने तर नाहीच. माझी सुरुवातीची वर्षं होती. असाच एक डोळा माझ्यासमोर आला, कड स्पष्ट उचललेली दिसत होती, आणि मला खात्री वाटली. मी चिमट्याने धरून ओढलं. जुन्या काचेबरोबर खालची नवी, अजून न पिकलेली काचही फाटून आली. पापणी नसलेला डोळा असा उघडा पडला की तो सुकतो. आम्ही आठवडाभर मलम घातलं, पण तो डोळा गेला. तो साप माझ्यावर विश्वास ठेवून दिलेला होता. त्यानंतर मी घरच्या घरी डोळ्याची कात काढायचा सल्ला कुणालाही दिलेला नाही आणि देणार नाही.

एक कात राहिली तर डोळ्याला तातडीचा धोका नसतो. हवेत ओलावा वाढवला की बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर तीही निघून येते. पुढच्या कातीतही निघाली नाही, डोळा फुगला, खोल गेला, किंवा कडेला चिकट द्रव दिसला, तर डॉक्टर. ते वंगणाचं मलम लावून, भिंगाखाली, आणि गरज असेल तरच काढतील.

तेलाबद्दल. सासूबाईंच्या बोलण्यामागे काय आहे हे मला कळतं. कोरड्या, फुटलेल्या कातडीवर तेल, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाळांच्या अंगावर सिद्ध झालेलं आहे. पण आपल्या कातडीत आणि सापाच्या कातडीत फरक आहे. कातीला सुटायला पाणी लागतं. तेल वरून बसतं, आत ओलावा जाऊ देत नाही, टाकीतली माती आणि भुसा अंगाला चिकटवतं, आणि नाकपुडीत किंवा डोळ्याच्या कडेला शिरलं तर नवीन दुखणं. हळदही नको. आणि मराठी घरांतून मला नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगते, दूधही नको. साप दूध पितो हे खरं नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, एवढंच. चकलीच्या वाटीत रोज ताजं पाणी असू द्या, तेच तिचं औषध आहे.

पण शेपटी सुटली, डोळा निवळला, तरी काम अर्धंच झालं. ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हे होतं की सप्टेंबरापासून ती अखंड कात टाकत होती. साप तोच, खाणं तेच, टाकी तीच. बदललं काय? तुमच्या घरातली हवा.

तुमच्याकडे फेब्रुवारीत बाहेर उणे १५ अंश असणं काही विशेष नाही. एवढ्या थंड हवेत पाण्याची वाफ जवळजवळ मावतच नाही. तीच हवा घरात येऊन घर तापवणाऱ्या फर्नेसने २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली येते. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी ती जराशी वाढते. तुमचे ओठ फुटत असतील, स्वेटर काढताना ठिणग्या उडत असतील. चकलीलाही तेच होतंय, फक्त तिला लिप बाम नाही. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जिया-कॅरोलिनाकडचा, जिथे उन्हाळ्यात अंगाला घामाची चिकचिक सुटते. त्याला एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता लागते आणि कात टाकायच्या दिवसांत ६० ते ७०. दोन थरांमधला तो द्रव वेळेआधी आटला की कात जागेवरच चिकटते. चकलीचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

म्हणून उद्या सकाळी दहा-बारा डॉलरचा डिजिटल आर्द्रतामापक आणा. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या तबकड्या मिळतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. यंत्र टाकीच्या गार बाजूला (जिकडे हीट मॅट किंवा दिवा नाही), सापाच्या उंचीवर ठेवा, वर जाळीपाशी नाही. आकडा बघा. वीसच्या आसपास दिसला तर घाबरू नका, तेच शोधत होतो आपण.

टाकीला वरून पूर्ण जाळीचं झाकण असेल, तर सगळा ओलावा तिथून निघून जातो. जाळीचा दोन तृतीयांश भाग प्लास्टिकच्या पत्र्याने किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाका. दिवा असेल तर त्याच्या भोवतीची जागा मोकळी सोडा, नाहीतर आग लागेल. पाण्याची वाटी मोठी करा, चकली आत वेटोळं घालून बसेल एवढी, आणि ती उबदार बाजूकडे सरकवा. खाली अस्पेनच्या लाकडाचा भुसा असेल तर तो हिवाळ्यात काढा, तो ओला झाला की बुरशी धरतो. त्याऐवजी नारळाचा काथ्या, म्हणजे दुकानात कोकोपीट किंवा कोकोनट कॉयर म्हणून मिळतो तो. कोकणात आपल्या परसात पडून असायचा तो काथ्या तिथे विकत घ्यायला जरा विचित्र वाटेल, पण ओलावा धरून ठेवायला त्यासारखं काही नाही. सायप्रसच्या सालीचा चुराही चालतो. देवदारासारख्या वासाच्या सिडरच्या लाकडाचा भुसा कधीच नको, त्याचा वास सापाला घातक असतो.

आणि ओली गुहा. हे चकलीच्या टाकीतलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे, आणि ते तुम्ही करा असं मी सुचवेन, कारण त्यात सापाला हात लावावा लागत नाही. दह्याचा रिकामा झाकणाचा डबा घ्या, तिच्या वेटोळ्याहून जरा मोठा. बाजूला तिच्या जाडीच्या दुप्पट भोक कापा. कापल्यावर कडेवरून स्वतःचं बोट फिरवून बघा, कुठे बोचलं तर कानशीने घासा, कारण तीच कड तिच्या नव्या कातडीला लागणार आहे. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं शेवाळ, भरा, ते पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळून. थेंब टपकता कामा नये. डबा उबदार आणि गार बाजूच्या मध्ये ठेवा. एक-दोन दिवसांनी मॉस चाचपून बघा, वाळलं असेल तर पुन्हा भिजवा, दर आठवड्याला बदला. तिला हवं तेव्हा ती आत जाईल, नको तेव्हा बाहेर येईल. पहिल्यांदा तिला त्या भोकातून फक्त डोकं बाहेर काढून बसलेलं पाहाल तेव्हा तुमची भीती थोडी कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

सगळी टाकी मात्र ओलीचिंब करू नका. दमट हवं, ओलं नको. सतत ओल्या जमिनीवर बसलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांना फोड येतात, छातीत कफ होतो. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे, ही त्याची चिन्हं, आणि तीही डॉक्टरकडे जाण्याचीच. घरातला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, त्या खोलीत लावला तर चकलीलाही बरं आणि मुलाच्या ओठांनाही. उबदार बाजू २९ ते ३१ अंश आणि गार बाजू २२ ते २५ अंश ठेवा. हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, नसेल तर उद्या त्याच फेरीत तोही आणा. मॅट बेभान तापली की साप भाजतोही आणि टाकीतला ओलावाही उडतो. एखादा खरबरीत दगड किंवा फांदी आत नसेल तर ठेवा, नाक घासायला काहीतरी लागतंच.

एक शंका अजून काढून टाकू. पांढरा ओला टिश्यू तिच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला हलकेच टिपा. खसखशीएवढे काळे हलणारे ठिपके दिसले, किंवा पाण्याच्या वाटीच्या तळाला तसेच मेलेले दिसले, तर ते गोचिडीच्या जातीचे बारीक किडे आहेत. ते रक्त पितात, त्यांच्यामुळेही कात अडकते, आणि मग नुसत्या ओलाव्याने भागत नाही. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण बघून घ्या. पाठीचा कणा धारदार दिसत असेल किंवा ती बारीक झाली असेल, तर डॉक्टरला तेही सांगा.

खाणं पाठीवरची आणि शेपटीवरची कात सुटेपर्यंत थांबवा. नीट सुटल्यावर एक-दोन दिवसांनी नेहमीचा उंदीर द्या, तिच्या अंगाच्या जाडीएवढाच.

हात धुण्याचं मात्र टाळू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, ते निरोगी दिसले तरी. चकलीला, डब्याला किंवा त्या ओल्या कापडांना हात लावल्यावर साबणाने धुवा. डबा आणि वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. हे सगळ्यांसाठी आहे, पण सासूबाईंचं वय बघता त्यांच्यासाठी जास्त. त्यांनी पंचा दिला तर तो आता चकलीचाच.

इथे महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी थोडं. चकली कॉर्न स्नेक आहे, तिथे ती पाळायला मिळते. आपल्याकडची धामण तिच्याच मोठ्या कुळातली असली, तरी धामण, दिवड, अजगर किंवा कुठलाही देशी साप घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखा कायद्याच्या परिशिष्टातला विदेशी साप असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. अंगणात कातीचे तुकडे लटकलेला साप दिसला म्हणून कुणी त्याला धरून सोलायला जाऊ नका. तो झुडपांत, दगडांत, ओल्या पाचोळ्यात स्वतःचं काम स्वतः उरकतो. जखमी असेल तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा.

ताई, तुमच्या नवऱ्याला सांगा, चिमटा परत पेटीत ठेवायचा आणि त्याच उत्साहाने त्या दह्याच्या डब्याच्या कडा घासायच्या. सासूबाईंचा पंचा आहेच. मुलाला एक वही द्या. रोज सकाळ-संध्याकाळ आर्द्रतेचा आकडा, शेपटीची अंगठी हलली का, चकली ओल्या गुहेत होती का, एवढंच लिहायचं. रात्री उठून टाकीपाशी बसण्यापेक्षा त्याला हे बरं वाटेल. डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर ती वहीच सगळ्यात आधी उघडली जाईल.

या वयात कात साधारण महिना-दीड महिन्याने येते, म्हणजे पुढची मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. तिचे डोळे दुधाळ दिसायला लागले की मॉस ताजं भिजवा, खाणं थांबवा, तिला उचलू नका. कात पडली की ती काळ्या कागदावर पसरा आणि शेपटीच्या टोकापर्यंत पोचली आहे का ते बघा. मग डोक्याकडे या. उजव्या बाजूची खिडकी आहे की नाही, आणि असली तर एक थर आहे की दोन, ते मुलाला त्याच्या अक्षरात लिहून मला पाठवायला सांगा.